शाळेच्या जागेचा वाद नकाशावर आणणाऱ्या तात्यांस

आदरणीय तात्या,

सादर नमस्कार.

शाळेच्या नव्या जागेचा ठराव ग्रामसभेत मंजूर झाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीने आपला सत्कार करायचे ठरवले होते. आपण तो नाकारलात आणि शाल-श्रीफळाचे पैसे पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लावा, असा निरोप पाठवलात. पैसे टाकीला लावले आहेत. परंतु आपण भूमी अभिलेखातली जुनी नोकरी वापरून एका बाजूचे काम केले, असे गावात अजूनही बोलले जाते, म्हणून आभाराचे हे पत्र सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे.

आपले गाव कृष्णाकाठचे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावठाणातील आपल्या शाळेत फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गाळ बसला होता. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले. नवी इमारत पूररेषेच्या बाहेर हवी, यावर त्यामुळे दुमत नव्हते. दुमत सुरू झाले ते बाहेर म्हणजे नेमके कोठे, या प्रश्नावर. मळ्यातल्या लोकांना शाळा मळ्याकडे हवी होती, गावठाणातल्यांना ती गावापासून फार लांब जाऊ द्यायची नव्हती, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असल्याने दोन्ही पॅनेलनी आपापल्या मतदारांना शाळेचा शब्द देऊन टाकला होता. यात मला काही वावगे वाटत नाही. शाळा आपल्या दाराशी असावी असे प्रत्येक वस्तीला वाटणारच, आणि ते मागणे पुढे नेण्यासाठीच तर आपण सदस्य निवडून देतो. अडचण एवढीच होती की कोणत्या वस्तीतून किती मुले, कोणत्या रस्त्याने शाळेत येणार, हे कोणीच सांगत नव्हते.

अशा वेळी राज्यमार्गालगतची जमीन दान देण्याचा प्रस्ताव आला. देणारे आपल्याच भावकीतले, त्यामुळे या विषयात पडणे आपल्याला किती जड गेले असेल, याची कल्पना मला आहे. गावाला तो प्रस्ताव देवासारखा वाटला होता, कारण जमीन फुकट होती आणि कागदपत्रे लवकर होणार होती. आपण कोणाच्या हेतूविषयी एक शब्दही न काढता फक्त बक्षीसपत्राचा मसुदा मागवून घेतलात आणि तो समितीसमोर सावकाश वाचलात. शाळा बंद पडल्यास जमीन मूळ मालकाकडे परत जाईल, ही अट त्यात होती. कमी पटाच्या शाळांच्या समायोजनाची, म्हणजे त्या बंद करून जवळच्या शाळेत सामावून घेण्याची, चर्चा राज्यभर चालू असताना अशा अटीचा अर्थ काय होतो, हे आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. शाळेपर्यंतचा रस्ता दात्यांच्याच नियोजित प्लॉटमधून जाणार होता आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात त्या वाटेच्या हक्काची नोंद नव्हती, हेही आपणच दाखवलेत. शाळा आली की भोवतालच्या प्लॉटना भाव येणार, हे सगळ्यांना दिसत होते. आपण ते बोलला नाहीत, आणि मला वाटते त्यामुळेच सभा हातघाईवर आली नाही.

मात्र माझ्या मते आपले खरे काम त्यानंतरचे आहे. आपण गटबुक नकाशाच्या, म्हणजे जमिनीच्या गटांच्या हद्दी दाखवणाऱ्या नकाशाच्या, प्रती काढून आणल्यात आणि त्या पुढाऱ्यांच्या हाती न देता आम्हा पालकांच्या हाती दिल्यात. तेहतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि जवळजवळ शंभर साखळ्या म्हणजे एक किलोमीटर, हा हिशेब आम्ही आयुष्यात प्रथमच शिकलो, जरी घरातल्या जमिनीवरून चाललेली भांडणे लहानपणापासून ऐकत आलो होतो. शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून धरू नका, मूल ज्या पायवाटेने चालते तिच्यावरून मोजा, असा आग्रह आपण धरलात आणि टेप घेऊन स्वतः आमच्याबरोबर चाललात. राज्यमार्गाच्या जागेसाठी बहुतेक मुलांना उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून रस्ता ओलांडावा लागेल, हे त्या चालण्यात जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही भाषणात झाले नव्हते. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आम्ही बायकांनी हीच मापे मांडली. आपल्याला आत बोलावले असताना आपण "नकाशा तुम्हाला वाचता येतो आता" असे म्हणून बाहेर पारावर बसून राहिलात, हे मी विसरणार नाही.

उरली ती माळावरची गायरानाची जागा. ती दलित वस्तीला लागून आहे, आणि विरोधाचे खरे कारण तेच होते, जरी तोंडाने सगळे "लांब पडते" एवढेच म्हणत होते. प्रत्येक वस्तीपासूनच्या अंतराचा तक्ता चावडीवर लावल्यानंतर ते कारण पुढे करणे कोणालाच सोपे राहिले नाही. मेंढरे-शेरडे चारणाऱ्यांची हरकत मात्र खरी होती. गायरानाचा वापर बदलण्यावर महसूल संहितेच्या कलम २२-क चे निर्बंध आहेत आणि सार्वजनिक कामासाठीही दुसरी योग्य जमीन नसल्याचे दाखवावे लागते, हे सांगून आपण मागणीचे क्षेत्र वर्गखोल्या, मैदान, स्वयंपाकघर आणि कुंपण यांपुरतेच ठेवायला लावलेत. काही सदस्यांना त्याच झटक्यात व्यापारी गाळ्यांसाठीही जागा मागायची होती. तो मोह आपण मोडून काढला नसता तर प्रस्ताव तहसील कार्यालयातून पुढे गेला असता की नाही, याची मला शंका आहे.

ही जागा सर्वांना सारखी सोयीची आहे, असे मी म्हणणार नाही. नदीकडच्या आळीतील मुलांना ओढ्याला वळसा घालून एक किलोमीटरहून अधिक चालावे लागते, म्हणून ओढ्यावरच्या साकवाची मागणी त्याच ठरावात घालण्याची आपली सूचना फार महत्त्वाची ठरली. तो साकव शाळेच्या आधी व्हावा, यासाठी समिती पाठपुरावा करीत आहे.

या सर्व काळात भावकीतल्या एका लग्नाचे आमंत्रण आपल्याला आले नाही, हे गावाला ठाऊक आहे. त्याची भरपाई आमच्या आभारांनी होण्यासारखी नाही, परंतु आमच्या मुलांच्या वतीने मी ते मनापासून मानते.

एक विनंती आहे. मोजणीची तारीख आली की हद्दीचे दगड आपल्यासमोर रोवले जावेत, अशी समितीची इच्छा आहे. त्या दिवशी सत्कार, हार, भाषण असे काहीही ठेवलेले नाही. आपण फक्त नकाशाची आपली प्रत बरोबर आणावी, कारण आमच्या प्रती हाताळून फाटल्या आहेत.

आपली नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य