आबांचा पाय आणि तुझी बगी

सोलापूर
3 डिसेंबर

प्रिय विक्या,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, नंतर उलट केलेही नाहीत. दुकानाचा हंगाम होता हे खरं, पण ते कारण तुला देणार नाही. शिव्या घालायच्या तर घाल, फक्त हे आधी शेवटपर्यंत वाच. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझा फोन छोटूच्या हातात असतो आणि छोटूला चिकटून आबा बसलेले असतात. म्हणून मेल. ऑफिसात वाच.

इकडं सगळे बरे. आईची शुगर आटोक्यात आहे. माझा खांदा आता वर जातो.

परवा रात्री आबांचा फोन आला. जत्रेतला उंच नंदीध्वज पेलून नुकतेच घरी आल्यासारखा आवाज. "विक्या समुद्राला नेतोय बे, पुंता कानाला. चार सीटची बगी बुक केलीय, गाइड पुढं, आपण मागं. तुम्ही पोरांनी कॉलेजात केली होती तसलीच, पण दणकट." पाच मिनिटं नुसतं बगी, बगी, म्हणजे ती डॉमिनिकन रिपब्लिकमधे माती-चिखलात पळवतात ती लोखंडी पिंजऱ्याची उघडी गाडी. मग काकूंनी फोन घेतला, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि हळूच सांगितलं की गणपतीपासून आबांचा उजवा पाय गुडघ्याखाली बधिर होतो. सकाळी उठल्यावर भिंत धरून उभे राहतात. एकदा चप्पल पायातून निसटली ते चार पावलं कळलंच नाही. "विक्याला सांगू नको, पैसे भरलेत त्यानं, हिरमोड होईल." मी हो म्हणालो. आज तो शब्द मोडतोय, कारण हे ऐकून जे माझ्या डोळ्यासमोर आलं ते दुसऱ्या कुणाच्या येणार नाही, तुझ्याच येईल. चार तास त्या पिंजऱ्यात बसून कंबरेचं काय होतं ते आपण दोघांनी भोगलंय.

तू म्हणशील, आपली होती दहा हॉर्सपॉवरची, ह्या कंपनीच्या गाड्या, ह्यांचं सस्पेन्शन केवढं लांब. मान्य. पण भाड्याची गाडी दिवसाला दोन-तीन फेऱ्या मारते. तिच्या शॉकअपमधलं तेल थकलेलं असतं, बुशं ढिली असतात. त्या बाजूची जमीन म्हणजे प्रवाळाचा चुनखडक, त्यावर पातळ माती. खड्डे लहान, कडा धारदार. असा खड्डा वेगात आला की शॉकअप तळाला ठोकतो, आणि ठोकल्यावर उरलेला सगळा हादरा सीटमधून वर चढतो. मोटरसायकलवर आपण फुटरेस्टवर उभे राहतो, गुडघे तो हादरा खातात. इथं पट्ट्यानं बांधलेलं, पाय पुढं पसरलेले, उचलून घ्यायला गुडघा मधे नाहीच. गाडी उलटली तर जो पट्टा जीव वाचवतो, त्याच पट्ट्यामुळं प्रत्येक आदळणं थेट मणक्यावर येतं. पट्टा सैल सोडून चालत नाही, घट्ट केला तर आबांच्या कंबरेचा चौथा-पाचवा मणका मार खाणार. यातून मार्ग नाही, मी दोन रात्री शोधला.

आणि मागची सीट तर नकोच. चार सीटच्या गाडीत मागचा माणूस मागच्या चाकांच्या जवळपास डोक्यावरच बसतो. पुढचा दोन चाकांच्या मधे असतो, त्याला झोका बसतो. मागच्याला फेक बसते. आबा म्हणतील मी पुढं बसतो. पुढं कमी बसेल, पण बसेलच.

तेव्हा आधी डॉक्टर. तिकडं न्यू जर्सीत, एडिसनमधे डॉक्टरची वेळ मिळायला उशीर लागतो म्हणून कंटाळू नकोस, बधिरपणा हा शब्द फोनवरच सांग. पाय उचलताना पंजा लोंबायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर वेळ-बिळ न बघता त्याच तासाला इस्पितळ. त्यांच्या व्हिजिटर विम्याचा कागदही काढून बघ. अमेरिकेबाहेर चालतो का, जुनं दुखणं धरतो का आणि साहसी खेळांचं कलम काय म्हणतं, ह्या तीन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाच. एजंटचं तोंडी हो म्हणणं आपण एकदा ऐकलंय.

आता छोटू. मला माहीत आहे तू काय म्हणणार, टूरवाले सात वर्षांच्या पोरांना घेतात. घेतात. पण पोलारिस कंपनीची आरझेडआर बगी असेल तर कंपनी स्वतः सांगते, चालवणारा किमान 16 वर्षांचा आणि लायसन्सवाला, शेजारी बसणारा किमान 12 वर्षांचा. त्यामागं कारण आहे. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, दोन्ही पावलं तळाला सपाट, हात समोरच्या धरायच्या दांडीपर्यंत पोचलेले, ह्या तीन गोष्टी जमल्या तरच माणूस गाडीत "बसलेला" असतो. छोटूला तुमच्या जेवणाच्या खुर्चीत पाठ टेकून बसव, पावलं लोंबतात की नाही बघ. लोंबली तर उलटताना तो पट्ट्याखालून सरकणार. आणि मांडीवर घेऊन बसणं हा विचार वहिनींच्या मनात आला तर तू तिथल्या तिथं नाही म्हण, वाईटपणा माझ्यावर ढकल.

रडेल. त्याला गोष्ट सांग. 1964 साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सनं फोक्सवॅगन बीटलचे भाग घेतले आणि त्यावर फायबरचा टब बसवला, तीच मायर्स मँक्स, बगी म्हटल्यावर जी डोळ्यासमोर येते ती. इंजिन मागं, वजन मागच्या चाकांवर, म्हणून वाळूत चाकं पकड घेतात आणि हलकं नाक वर तरंगतं. 1967 ला मेक्सिकोच्या बाहात पहिली मोठी शर्यत झाली, ती मँक्सनंच जिंकली, 27 तास 38 मिनिटांत. त्याच बाहाच्या नावाच्या, कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या बगींच्या स्पर्धेत तुझा बाप पिथमपूरला उतरला होता म्हणावं. बेल्टचं मात्र सांगू नकोस.

बेल्टवरून आठवलं, तो विषय माझ्याकडून मिटलेला नाही. टॉप स्पीड हवा म्हणून आपल्या बगीच्या गिअरचं रिडक्शन तू कमी ठेवलंस, चढाला बेल्ट घसरून जळाला, आणि अजून तू म्हणतोस बेल्टच खराब होता. ह्या गाड्यांतही तीच भानगड आहे म्हणून सांगतो. आत ॲक्टिव्हासारखाच बेल्ट असतो, फक्त रुंद. तू आणि वहिनी जाल तेव्हा, आणि तुम्ही दोघांनी जरूर जा, एच (हाय) आणि एल (लो) हे दोन गिअर नीट वापर. ताशी 15-20 च्या आत रांगायचं असेल, चढ असेल, चिखल असेल तर एल. एचमधे रांगलास की पुल्या बेल्टला घट्ट धरत नाहीत, बेल्ट घासतो, तापतो, रबर जळल्याचा वास येतो. वास आला की थांबायचं आणि गाइडला बोलवायचं. "पोचू की पुढच्या स्टॉपला" हे तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे. गिअर बदलायचा तो गाडी पूर्ण थांबवून, ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेक दाबून. रांगतानाच बदललास तर दात कुरकुरतात.

निघण्याआधी घाई करतील, हो म्हणू नकोस. ब्रेकचा पेडल दाबून धर, हळूहळू खाली बसत गेला तर ती गाडी घेऊच नकोस. स्टिअरिंग डावं-उजवं हलव, बोटभर हललं तरी चाक हलत नसेल तर चाकं वळवणाऱ्या टायरॉडचे जोड गेलेत. चाकांच्या नटांवर नजर टाक, नट ढिला असेल तर भोवती गंजाची तांबडी धूळ दिसते. टायरं दाबल्यावर मऊ लागतील, ते बरोबर आहे, त्यात 10 ते 14 पीएसआयच ठेवतात, मोटारीसारखी 32 नाही. पट्टा आधी कंबरेचा, पोटावर नाही, खाली हाडांवर, तो ओढून मग खांद्याचा. पीळ पडलेला नको. हेल्मेट हलवल्यावर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. वहिनींना चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल माग, आणि तोंडाला ओलं फडकं. त्या बाजूची पांढरी धूळ नाकात बसली की दोन दिवस शिंका. ओढणी नाही, सैल केस नाहीत, जुने कपडे, बंद बूट. ते कपडे परत घरी येणार नाहीत असंच धर.

चालवताना अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस, बाहेरून ठेव. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटकन फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. वळणाआधी वेग काढ, वळणात हलका ॲक्सिलरेटर कायम ठेव. मागची दोन्ही चाकं बहुधा एकत्रच फिरतात, त्यामुळं वेगात वळवलंस तर गाडी सरळच ढकलत जाते, मग माणूस आणखी वळवतो, चाक आडवं होऊन चाकोरीच्या काठाला अडतं आणि गाडी उलटते. उलटायला फार वेग लागत नाही. मोकळ्या मैदानात गोल फिरवून दाखवायची हौस कुणाला आली तर तू लांब थांब. आणि उलटायला लागली तर हात आत, स्टिअरिंगवर, वहिनींचे दांडीवर. हात बाहेर टेकवायची बुद्धी आपोआप होते, म्हणून तर स्पर्धेच्या तपासणीत ते दंडाला बांधायचे पट्टे सक्तीचे होते. तुला त्याचा राग यायचा. इथं ते पट्टे बहुतेक नसतील, तेव्हा वहिनींना आदल्या रात्री खुर्चीत बसवून सराव करून घे. पाच सेकंदांत पट्टा सोडून बाहेर पडायचाही.

चढ सरळ चढायचा, तिरका नाही. मधेच बंद पडली तर ब्रेक, मग रिव्हर्स, सरळ मागं उतर. तिथं वळवायचं नाही, कितीही रुंद वाटलं तरी. डबक्यात गाइडच्याच चाकोरीतून हळू जा, तपकिरी पाण्याखाली खडक असतो. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून सुकव. पाण्यानंतर इंजिन ओरडतंय पण गाडी जात नाही असं झालं तर बेल्ट ओला झालाय, न्यूट्रलला टाकून थोडी रेस दे, रेटू नकोस. रांगेत पहिले गाइडच्या मागं लागा, धूळ कमी. पुढच्याची धूळ खाली बसेपर्यंत अंतर सोड.

मधे कॉफी-कोकोच्या स्टॉपला मामाहुआना चाखायला देतात. रम, रेड वाइन, मध आणि झाडाच्या साली. परतीचं चालवणं बाकी असताना घेऊ नकोस. आबांना कुणी काढा म्हणून पाजेल, त्यांच्यावरही लक्ष ठेव.

कारण आबा असणारच तिथं. माझं म्हणणं असं, त्यांना हॉटेलात बसवून जाऊ नकोस, तो अपमान त्यांना सहन होणार नाही. बहुतेक टूर पुंता कानाजवळच्या माकाओ नावाच्या किनाऱ्यावर थांबतात, आणि तिथं डांबरी रस्त्यानं टॅक्सी जाते. काकू, आबा आणि छोटू टॅक्सीनं आधी पोचू देत, तुम्ही धुळीत माखून मागून या. मग गाडी उभी, इंजिन बंद, किल्ली तुझ्या खिशात, आणि आबांना हेल्मेट घालून स्टिअरिंगवर बसव. छोटू शेजारी. पाहिजे तेवढे फोटो काढ. चढताना उजवा पाय आधी टाकू देऊ नकोस, त्या पायाला तळ कळत नाही. पाण्यात मात्र गुडघ्याच्या वर नाही, माकाओच्या लाटा जोराच्या असतात आणि ओढही असते. तिथला वादळाचा हंगाम 30 नोव्हेंबरला संपला, हवा चांगली मिळेल.

बुकिंग दोघांचं करून घे. रद्द करण्याची मुदत बहुधा 24 तास आधीपर्यंत असते, पण वाचून बघ.

तुझ्या नव्या नोकरीचं विचारायचं राहिलं. जमतंय ना? वहिनींच्या परीक्षेचा निकाल काय? घराचं पुढं सरकलं का? फोनवर बोलू, उचलतो आता.

गड्ड्याची, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, तयारी सुरू झालीय. आबांचं 10 जानेवारीचं तिकीट आहे ना? अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर माझ्या शेजारची जागा त्यांची आहे. मागच्या वर्षी उभ्यानं सगळा सोहळा बघितला त्यांनी. ह्या वेळी मी घरून स्टूल नेणार आहे, पण ते आधी सांगू नकोस, चिडतील.

आणि मी फुटलो हे त्यांना कळू देऊ नकोस बे. काकूंनी सांगितलं असंही नको, त्यांच्यावर जाईल. चालताना तुझ्याच लक्षात आलं असं म्हण. खरंच बघ, जिना उतरताना बघ, लक्षात येईल.

तुझा,
बाळ्या

ता. क. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढ, खालच्या संरक्षक प्लेटचासुद्धा, आणि त्यांच्या माणसाचा आवाज त्यात येऊ दे. जुने ओरखडे परत आल्यावर नवे होतात. रोलकेजच्या, म्हणजे त्या पिंजऱ्याच्या, वेल्डिंगवरही एकदा फ्लॅश मारून बघ, सांध्याजवळ रंगाला केसासारखी रेघ असेल तर दुसरी गाडी माग. आणि आपल्या बगीच्या पाइपांचे माझे 740 रुपये अजून बाकी आहेत.