रशियन शिकायला जाताना आधी नाव सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की ‘रशियात शिका, भाषा येत नसली तरी चालेल, तिथे शिकवतात’ अशी पत्रके हातात पडू लागतात. त्यातले ‘तिथे शिकवतात’ एवढे खरे. ज्यांना रशियन भाषा आणि साहित्यच शिकायचे आहे, त्यांना पदवीआधी एक वर्ष पूर्वतयारी विभागात काढावे लागते. विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘पदफाक’. मॉस्कोतली पुश्किन संस्था (स्थापना १९६६) घ्या, लुमुंबा विद्यापीठ (स्थापना १९६०) घ्या किंवा लहान गावातले विद्यापीठ, साचा साधारण सारखाच असतो. शरदात सुरुवात, उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा आणि मधल्या नऊ-दहा महिन्यांत अक्षरओळखीपासून बी-१ पातळीपर्यंत (भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी तिसरी) मजल. म्हणजे सुमारे २३०० शब्द, सहा विभक्त्या आणि व्याख्यान ऐकून टिपण काढता येईल एवढा तयार कान.

हे गणित ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाकावर बसणाऱ्याचे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पोहोचणारा विद्यार्थी बाराखडी गिरवत असतो, तेव्हा त्याचा गट विभक्त्या संपवत आलेला असतो. ही दरी पुढे भरत नाही. या उशिराचे खापर व्हिसावर फुटते, पण बऱ्याचदा मूळ दुखणे नावाचे असते.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ‘जाधव महेश दत्तात्रय’ असते. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘जाधव’ आणि नावाच्या रकान्यात ‘महेश दत्तात्रय’. रशियन कागदांवरही आडनाव, नाव, पितृनाम असाच क्रम असतो, त्यामुळे तिथला कारकून ‘दत्तात्रय’ सरळ पितृनामात टाकतो. विमा कंपनी मात्र तेच पासपोर्टप्रमाणे नावात धरते. झाली दोन माणसे! त्यात रशियन लिपीत ‘ह’ नाही. कोणी त्याच्या जागी ‘ख’च्या जवळचे अक्षर वापरतो, कोणी जुन्या वळणाने ‘ग’ (हिमालयाला रशियनमध्ये ‘गिमालाई’ म्हणतात ते यामुळेच). एका अनुवादकाचा महेश ‘माखेश’ होतो, दुसऱ्याचा ‘मागेश’. जाधवचा तर ‘जादखाव’ही होतो.

यावर उपाय एकच. विद्यापीठाकडून निमंत्रणपत्र आले की रशियन लिपीतले नाव अक्षर अक्षर लावून वाचावे आणि चूक असेल तर व्हिसाला अर्ज करण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी. व्हिसावर नाव दोन्ही लिप्यांत छापतात. त्यावरचे रशियन स्पेलिंग हेच यापुढे आपले नाव समजावे आणि पासपोर्ट व गुणपत्रिकांच्या अनुवादकाला त्याची प्रत द्यावी. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, असे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र इथूनच करून न्यावे. मूळ कागदांचे साक्षांकन आधी राज्य पातळीवर होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का. दोन्ही उरकायला आठवडे लागतात. निमंत्रणाला वेगळा महिना-दीड महिना धरा. एचआयव्ही चाचणीचा दाखला तीन महिन्यांत शिळा होतो, म्हणून तो शेवटी काढावा.

रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीत शिकवणीची फी माफ होते, पदफाकचे वर्षही त्यात येते आणि वसतिगृहात जागा मिळते. विमानभाडे, विमा आणि खाणेपिणे आपले आपण. विद्यावेतनात महिन्याचे जेवण निघत नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे.

पैशांचे म्हणाल तर मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांत काढलेली ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांची कार्डे रशियात चालत नाहीत. पहिले काही आठवडे रोख रकमेवरच काढायचे असतात. परदेशी जाताना चलनी नोटा नेण्यावर आपल्याकडे एरवी मर्यादा असते, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत रशियासाठी त्यातून सवलत आहे. परकीय चलन विकणाऱ्यालाच ती ठाऊक नसते, म्हणून नियमाची छापील प्रत जवळ ठेवा. डॉलर कोरे करकरीत घ्या. पिनेचे भोक, शिक्का किंवा पेनाची रेघ असलेली नोट तिथली बँक नाकारते किंवा कमी भावाने घेते.

पोहोचल्यावर सात कामकाजी दिवसांत राहत्या पत्त्याची नोंदणी व्हायला हवी. ती वसतिगृह करते, पण पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेले स्थलांतर-कार्ड आपण नेऊन दिले तरच. सुट्टीत दुसऱ्या गावी हॉटेलात राहिलात तर हॉटेल नवी नोंद करते. परत आल्यावर वसतिगृहाला तसे कळवले नाही तर कागदोपत्री तुम्ही कुठेच राहत नसता. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणीही सक्तीची आहे. पहिला व्हिसा बहुधा थोड्या मुदतीचा असतो. त्याची मुदतवाढ विद्यापीठच करून देते, पण ती वेळेत मागावी लागते.

भाषेच्या बाबतीत मराठी मुलांचे थोडे नशीब आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च वेगळे, हे आपल्या कानाला आपोआप कळते, आणि रशियनमध्ये त्या दोन उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. तीन लिंगे ओळखीची. ‘मला थंडी वाजते’, ‘माझ्याकडे आहे’ या वाक्यांची घडणही जवळची. अडते ते आघातावर. लिहितात ‘मोलोको’, म्हणतात ‘मलाको’ (दूध), कारण आघात शेवटच्या स्वरावर आहे आणि बाकीचे स्वर मिटतात. ‘मुका’ या शब्दात आघात शेवटी दिला तर पीठ, सुरुवातीला दिला तर यातना. म्हणून वहीत रशियन शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. ऱ्हस्व-दीर्घाची खूण आपल्याला आघात दाखवत नाही, उलट चुकवते. जाणे-येणे दाखवणारी क्रियापदे हे दुसरे जंगल. पायी जाणे आणि वाहनाने जाणे वेगळे, एकदा जाणे आणि नेहमी जाणे वेगळे, वर प्रत्येकाला उपसर्ग.

निघण्यापूर्वी छापील अक्षरांइतकीच हाताने जोडून लिहायची लिपीही शिका. शिक्षिका फळ्यावर तीच वापरतात. छापील ‘त’ हाताने लिहिताना इंग्रजी एमसारखा दिसतो, आणि काही शब्द म्हणजे नुसती लाटांची रांग. ही लिपी न शिकता गेलेल्याला पहिला महिना फळाच वाचता येत नाही. इथे अक्षरे आणि पहिले सातशे-आठशे शब्द, म्हणजे ए-१ ही पहिली पायरी, पुरे करून गेलात तर उशीर झाला तरी तग धरता येतो.

शेवटच्या टॉर्फल, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या रशियन भाषेच्या, परीक्षेचे पाच भाग आहेत: शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणे, लेखन, बोलणे. प्रत्येकात ६६ टक्के लागतात, एखाद्यात ६० चालतात. आपली मुले व्याकरणात तरतात आणि ऐकण्यात बुडतात, कारण वसतिगृहात दिवसभर हिंदी चालते. खोली मागताना सोबती परभाषक मागावा.

एक किरकोळ गोष्ट. कोटाच्या मानेशी आतून अडकवायची नाडी असायला हवी. वाचनालय असो वा नाट्यगृह, कोट दाराशीच जमा करावा लागतो, आणि नाडी नसली तर तिथल्या आजीबाईंचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. तेवढेच संभाषण!

मात्र पुढची गोष्ट किरकोळ नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेले भारतीयही रशियन सैन्यात ओढले गेल्याची प्रकरणे समोर आली आहेत, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार सावध केले आहे. पैशांचे किंवा नागरिकत्वाचे आमिष दाखवून कोणी रशियन कागद पुढे केला, तर ‘वोयेन्नया स्लुझ्बा’, म्हणजे लष्करी सेवा, हे दोन शब्द त्यात शोधावेत (विभक्तीप्रमाणे त्यांचे शेवट बदललेले असू शकतात). सापडले तर सही न करता कागद परत द्यावा. आणि वाचताच येत नसेल, तरी तेच करावे.

– रशियन शिकवणारे काही शिक्षक, पुणे