काका, त्या तीन ठिपक्यांसाठी

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

शाळेतल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तुमचा साधा सत्कारही झाला नाही, हे मला अजून सलतं. शाल आणि श्रीफळ मिळालं ते व्यासपीठावर बसलेल्यांना. त्यांची भाषणं चालू होती तेव्हा तुम्ही मैदानाच्या टोकाला अंधारात एकटे दुर्बीण लावत होता. आभारप्रदर्शनात तुमचं नाव घ्यायचंसुद्धा राहून गेलं. तेव्हा जे कोणी बोललं नाही ते मी आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. परवा सीईटीची उजळणी करताना केप्लरचा तिसरा नियम (एकाच केंद्राभोवती फिरणाऱ्या सगळ्यांसाठी फेरीच्या काळाचा वर्ग भागिले अंतराचा घन सारखाच येतो) पुन्हा समोर आला आणि मला रडू फुटलं. एक सूत्र बघून कोणी रडतं का, असं मैत्रिणीने विचारलं. तिला सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही यायच्या आधी काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बिणींचा धडा अगदी शेवटी आहे. मार्च उजाडला आणि 'हा घरी वाचून घ्या' एवढ्यावर तो संपला. शाळेत एक दुर्बीण होती. ती प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद असायची. भिंग खराब होईल, हात लावू नका, असं आम्हाला बजावलेलं होतं. तपासणीला साहेब आले की बाहेर निघायची, ती पण दिवसा. दहावीत केप्लरचे नियम शिकवले तेव्हा मी विचारलं होतं की काळाचा वर्गच का आणि अंतराचा घनच का. क्लासमध्ये उत्तर मिळालं, 'व्याख्या पाठ कर, गुण मिळतील, यावर प्रश्न येत नाही.' असं उत्तर देणाऱ्यांचा मला आजही राग येतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची विज्ञानाची आवड अशा एकेका वाक्यानेच गेली. त्यांच्यात काही कमी नव्हतं, त्यांना कोणी बघूच दिलं नाही.

आणि मग तुम्ही आलात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोटारसायकलला पीव्हीसी पाइपची दुर्बीण बांधून. तिचा सहा इंची आरसा तुम्ही स्वतः, काचेवर काच आणि मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायची कठीण पूड घालून, घासला होता हे आम्हाला नंतर कळलं. 2024 चा डिसेंबर होता. गुरू रोहिणी ताऱ्याच्या जवळ होता आणि सात तारखेच्या प्रतियुतीमुळे, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आल्यामुळे, संध्याकाळी उगवून रात्रभर दिसत होता. आपल्या जत तालुक्यात पाऊस कमी, याचं दुःख सगळे करतात. पण हिवाळ्यात इथलं आकाश कसं असतं ते तुम्ही सांगेपर्यंत आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझी पाळी आली. गुरूची छोटीशी चकती दिसली आणि तिच्या दोन बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, ठिपके. तुम्ही तुमची फुलस्केप वही पुढे केलीत आणि म्हणालात, 'काढ.' मी तीन ठिपके काढले. रांगेतून कोणीतरी ओरडलं, 'चार पाहिजेत, गुरूचे मोठे चंद्र चार आहेत.' शेजारी उभ्या असलेल्या एका शिक्षकांनीही सांगितलं, 'चार काढ, पुस्तकात चार आहेत.' माझा हात थांबला.

तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावलात, बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, 'तीनच आहेत. दिसलं तेवढंच काढायचं.' आणि लाल जिलेटिन लावलेल्या बॅटरीच्या उजेडात, चित्राशेजारी वेळ घालून, 'निरीक्षक' या रकान्यात माझं नाव लिहिलंत. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तोवर फक्त तुमचंच नाव होतं.

काका, मला एवढंच सांगायचं आहे. माझं कौतुक याआधी झालं होतं, 'हुशार आहेस' हे मी खूप ऐकलं होतं. पण मी बघितलेली गोष्ट नोंद म्हणून कोणी लिहून घेतली नव्हती. मी लहान, म्हणून तुम्ही मला खोटा धीर दिला नाहीत. स्वतः तपासलंत, मग लिहिलंत. दुसऱ्या एखाद्या निरीक्षकाने असंच सांगितलं असतं तरी तुम्ही हेच केलं असतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की भौतिकशास्त्र हे माझंही असू शकतं.

नंतर तुम्ही सांगितलंत की गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला गुरूकडे दुर्बीण वळवली तेव्हा त्यालाही तीनच ठिपके दिसले होते आणि ते त्याला आधी ताऱ्यांसारखे वाटले. चौथा त्याला 13 तारखेला सापडला. आम्हाला आठवडाभर थांबावं लागलं नाही. तासाभरात गुरूच्या कडेला चिकटून एक ठिपका बाहेर आला. तो आयो, चारांतला सगळ्यात आतला चंद्र, म्हणालात, गुरूच्या मागे लपला होता. मघाशी ओरडणारी मुलंच मग पुन्हा रांगेत उभी राहिली.

आणि जाताना दुर्बीण आमच्या गच्चीवर ठेवून गेलात! ना पावती, ना सही. वडील काळजीने म्हणाले की मोडली तर? तुम्ही म्हणालात, मोडली तर दुरुस्त करू, मी मेकॅनिक आहे. कुलपातली दुर्बीण अजून अगदी नवी असेल. तुमचीच्या नळीवर आमच्या हातांचे डाग पडले.

ढगाळ रात्री सोडून आम्ही ठिपके काढत राहिलो. आयोला फेरीला पावणेदोन दिवस लागतात हे हळूहळू दिसू लागलं. चारांतल्या सगळ्यात बाहेरच्या चंद्राची, कॅलिस्टोची, फेरी आमच्या चित्रांवरून सुमारे सतरा दिवसांची निघाली आणि अंतर गुरूच्या तेरा व्यासांइतकं. त्याच्या आतल्या गॅनिमिडची सात दिवस आणि साडेसात व्यास. मग आमच्या ओट्यावर बसून तुम्ही फक्त म्हणालात, 'दिवसांचा वर्ग कर, अंतराचा घन कर, भाग.' गॅनिमिडचे 49 भागिले 422, म्हणजे 0.12. कॅलिस्टोचे 289 भागिले 2197, म्हणजे 0.13. मी गप्प बसले होते. व्याख्या म्हणून पाठ केलेलं ते वाक्य आमच्या शिसपेन्सिलच्या ठिपक्यांमधून बाहेर आलं होतं. उत्तरं तंतोतंत जुळली नाहीत, याचाही तुम्हाला आनंद झाला. अंदाजे मोजलं की एवढा फरक पडायचाच, म्हणालात, अगदी सारखं आलं असतं तर मला शंका आली असती.

पुढे न्यूटनचं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र घेऊन त्याच फेऱ्यांवरून गुरूचं वस्तुमान काढायला शिकवलंत. पृथ्वीच्या सुमारे 318 पट. जिथे कोणी माणूस गेला नाही, तिथलं वस्तुमान, आणि हाताशी काय, तर चंद्राचं अंतर आणि त्याच्या फेरीचा वेळ. काळाचा वर्ग आणि अंतराचा घनच का, याचं उत्तरही तिथेच होतं. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं, त्यातून तो घन येतो. क्लासमध्ये अर्ध्या तासात सांगता आलं असतं. सांगायची इच्छा हवी होती.

काका, अशी माणसं गावोगाव आहेत, हे मला आता कळतं. कोणी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतं, कोणी अंगणात पाऊस मोजतं, कोणी रविवारी मुलांना फुकट गणित शिकवतं. त्यांच्या खोलीवर पाटी नसते, नावामागे पदवी नसते. समोरच्या पोराचा प्रश्न ते पूर्ण ऐकून घेतात. ज्यांना पगार मिळतो त्यांनीही हे करावं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यांच्यातले काही करतात हेही मी आता कॉलेजात बघते आहे, म्हणून सरसकट बोलणार नाही.

एक विनंती. मे महिन्यात, 8 तारखेच्या आसपास, आपल्याकडे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. दुपारी साडेबाराच्या सुमारास तो क्षण येतो, असं हिशेबात निघालं आहे. गल्लीतल्या मुलांना घेऊन मी अंगणात ओळंबा लावून काठी रोवणार आहे. सावलीची लांबी तीच मुलं मोजतील आणि वहीत नावं त्यांचीच लागतील. तुम्ही या. आई म्हणते जेवायलाच या, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी नक्की. येताना तुमची ती फुलस्केप वही आणा, मुलांना दाखवायची आहे.

तुमची,
बारावी विज्ञान शाखेतली एक निरीक्षक