नाच बसवणाऱ्यांची नावं कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला युद्धकाळातल्या बॅलेवरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पूर्ण पान दिलं याचा आनंद झाला, पण पान संपेपर्यंत तो टिकला नाही. नर्तिका मार्गो फाँटेन आहे, उलानोवा आहे, बाँब पडत असतानाही चालू राहिलेले प्रयोग आहेत. 'सेबर डान्स'च्या निमित्ताने संगीतकार खाचातुरियनचं नाव दोनदा येतं. तो नाच ज्यात आहे तो 'गयाने' बॅले बसवणाऱ्या निना अनिसिमोवाचं मात्र एकदाही नाही! या बाईंना १९३८ साली अटक करून कझाकस्तानातल्या छावणीत धाडलं होतं. तिथून त्या सुटून आल्या आणि लेनिनग्राडची किरोव्ह ही बॅले मंडळी युद्धामुळे पर्मला हलवली गेल्यावर, डिसेंबर १९४२ मध्ये तिथे त्यांनी हे नृत्य उभं केलं. एवढ्यासाठी एक ओळ निघाली नसती का?

युद्धात जुन्यावरच भागवलं गेलं, असा लेखाचा सूर आहे. तो साफ चुकीचा आहे. ब्रिटिश नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनचं 'दांते सोनाटा' जानेवारी १९४०चं, पोलंड पडल्यानंतरचं. त्यात नर्तक अनवाणी नाचले. पुढे तो हवाई दलात गेला, तिथून रजा मिळवून १९४३ साली त्याने 'द क्वेस्ट' बसवलं. न्यूयॉर्कला जेरोम रॉबिन्सने १९४४ मध्ये रजेवरच्या खलाशांवर 'फॅन्सी फ्री' केलं. ही सगळी नवी कामं आहेत.

आणि मे १९४०चं हॉलंड? ॲश्टन जिच्यासाठी बॅले बसवायचा ती निनेट द व्हॅल्वाची ब्रिटिश बॅले मंडळी तिथे दौऱ्यावर असताना जर्मन सैन्य घुसलं. माणसं कशीबशी निसटली. सहा बॅलेंचे नेपथ्य, पोशाख, स्वरलिप्या तिथेच राहिल्या. 'द रेक्स प्रोग्रेस', 'चेकमेट' पुढे पुन्हा उभे राहिले, कारण ते बसवणाऱ्या द व्हॅल्वाबाई स्वतः कंपनी चालवत होत्या. ॲश्टनचं 'होरोस्कोप' मात्र कायमचं गेलं. संगीताचे काही भाग उरले, नाच उरला नाही.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. आमच्या भरतनाट्यमच्या बाईंनी बसवलेलं एक नृत्यनाट्य एका संस्थेच्या महोत्सवात झालं. पत्रिकेत ध्वनी, प्रकाश, रंगभूषा, मंडप, चहापानाचे देणगीदार, सगळ्यांची नावं होती. बाईंचं नव्हतं. बाई पहिल्या रांगेत बसून ती पत्रिका वाचत होत्या. मी आयोजकांना विचारलं तर उत्तर मिळालं, "नाचणाऱ्या मुलींची नावं आहेत ना ताई!" बाई गेल्यावर आम्ही शिष्या ते पुन्हा उभं करायला बसलो. तिसऱ्या प्रवेशातल्या हालचाली कुणालाच धड आठवेनात. एकीच्या मते सगळ्या जणी उजवीकडून येत होत्या, दुसरीच्या मते दोन्ही बाजूंनी. वह्यांमध्ये बोल होते, पावलं नव्हती. तो प्रवेश आम्ही गाळला. आमच्याकडे कुठलं युद्ध नव्हतं, तरी गेलाच. म्हणून म्हणते, नाच ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव तरी लिहा. त्याच्या कामातलं पुष्कळदा तेवढंच मागे राहतं.

आजच्या युक्रेनमधल्या युद्धाबद्दलही लेखात कीव्हच्या ऑपेरा हाउसचा फोटो आहे, पण नृत्यरचनाकार अलेक्सेई रातमान्स्की नाही. कीव्हमध्ये वाढलेला हा माणूस २४ फेब्रुवारी २०२२ला मॉस्कोत बोल्शॉय बॅलेसाठी काम करत होता. हल्ल्याची बातमी कळताच काम टाकून निघून गेला. खार्किव्हच्या बसथांब्यावर मेलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा हात धरून बसलेल्या बापाचा फोटो पाहून त्याने 'सॉलिट्यूड' रचलं. २०२४ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेने ते केलं. युद्धकाळात नृत्यरचनाकार काय करतो, याचं याहून थेट उत्तर कोणतं?

जाता जाता आणखी एक. आपल्या दैनिकात पूर्वी शहरातल्या नृत्याच्या कार्यक्रमांची परीक्षणं यायची. ती बंद झाली आणि त्या जागी आता दागिन्यांच्या जाहिराती असतात. याबद्दल मी आधीही लिहिलं होतं, ते पत्र छापलं गेलं नाही. परीक्षणं पुन्हा सुरू करा, आणि नाच कुणी बसवला हे पहिल्याच परिच्छेदात सांगा.

आपली नम्र,
एक नृत्यशिक्षिका, नाशिक