न्यूटनला भेटून आले, तुमच्याशिवाय

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आधी सांगून टाकते, मग बाबांनी हवं तर दोन दिवस अबोला धरावा. मेची तिकिटं मी रद्द करून सप्टेंबरची काढली आहेत. दादावर चिडू नका, हे मीच केलं. गुडघ्याचं ऑपरेशन आधी, लंडन नंतर. पैसे थोडेच कापले. आणि इतके तास विमानात पाय दुमडून बसल्यावर आत्याचं काय झालं होतं, ते आठवतंय ना? सप्टेंबरात इथली हवाही छान असते, आई, एका स्वेटरवर भागेल.

दुसरा गुन्हा: शनिवारी मी वेस्टमिन्स्टर ॲबीत, इथल्या त्या जुन्या चर्चमध्ये, एकटीच जाऊन आले. आपण मिळून जायचं ठरलं होतं, माहीत आहे मला. पण पायऱ्या किती, टेकायला कुठे, बाथरूम किती लांब, हे कुणीतरी आधी बघायला नको?

तर न्यूटनपाशी जायला पायऱ्या नाहीत. मधल्या लांबलचक दालनात आहे तो. वर संगमरवरी पुतळा, पुस्तकांच्या चळतीवर कोपर टेकून ऐसपैस रेललेला, तुम्ही रविवारी पेपर वाचताना रेलता तसा. खाली जमिनीत थडग्याचा दगड. शेजारीच हॉकिंगच्या अस्थी, त्या दगडावर त्याचं कृष्णविवराच्या तापमानाचं समीकरण कोरलंय. ते मला काही उलगडलं नाही. फोटो मुद्दाम पाठवत नाही, समोर उभं राहून तुम्हीच शिकवा. पलीकडे डार्विनही आहे.

पण बाबा, तिथली फरशी म्हणजे शेकडो वर्षांच्या थडग्यांचे दगड. कुठे झिजलेले, कुठे उंचसखल. काठी अडकेल. म्हणून आपण व्हीलचेअर घ्यायची, हेही ठरलंय. लगेच रागावू नका. तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून गंगेवर न्यायचात, तेव्हा मी कधी म्हटलं का, की मला चालता येतं?

राज्याभिषेकाची खुर्चीही पाहिली. 1066 पासून इथले राज्याभिषेक ह्याच ॲबीत होतात. खुर्ची त्यानंतरची, साधारण 1300 ची, पहिल्या एडवर्डने करवलेली. 2023 मध्ये चार्ल्सही तिच्यातच बसला. आणि एवढ्या मानाच्या खुर्चीचं लाकूड पोरांनी चाकूने कोरून ठेवलंय! एकाने तर चक्क लिहिलंय, पी. ॲबट ह्या खुर्चीत झोपला, 5-6 जुलै 1800. त्याला कुणी काही म्हटलं का कोण जाणे. मला मात्र तुम्ही कर्कटकाच्या एका रेघेपायी सबंध बाक पॉलिश पेपरने घासायला लावला होतात, आणि वर हेडमास्तरांना सांगितलंत, मुलगी स्वतःहून करतेय.

आई, तुझ्यासाठीही एक आहे. न्यूटनपासून जवळच लिव्हिंग्स्टनचं थडगं आहे, आफ्रिका पालथी घालणारा तो मिशनरी. तो 1873 मध्ये आफ्रिकेत वारला. त्याच्या माणसांनी काळीज तिथल्या झाडाखाली पुरलं, देह वाळवला आणि कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट नावाचा मुलगा होता, गुलामीतून सोडवलेला, आपल्या नाशकात शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला. झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव त्यानेच कोरलं, आणि 1874 मध्ये ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. तू रोज भाजीला जातेस तो शरणपूर रोड, आणि मी त्या दगडापाशी एकटीच उभी. खूप आठवण आली तुझी. रडले वगैरे नाही, जरासंच.

दर तासाला तिथे प्रार्थना होते, सगळे जागच्या जागी थांबतात. मी तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं मागून घेतलं. देव त्यांचा असला तरी चालेल.

आता ऐका. ऑपरेशनची तारीख ह्या आठवड्यात घ्या, "पाडव्यानंतर बघू" नको. दादा रजा घेणार आहे. कमोडच्या बाजूला धरायला दांडा बसवून घ्या, सुताराला पैसे मी पाठवलेत. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, डबे तिथेच राहू देत. बीपीची गोळी सकाळचीच, आठवण झाली तेव्हाची नव्हे. आणि बाबा, फिजिओथेरपीवाला सांगेल तेवढंच चाला, एक फेरीही जास्त नको.

सप्टेंबरात खुर्ची मीच ढकलणार आहे. दादा म्हणतो तो ढकलेल, पण नाही.

तुमची,
छकुली