शपथविधीच्या छायाचित्राखाली काय छापावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या मोठ्या देशात नेता बदलला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात शपथ घेतानाचे छायाचित्र असते आणि शेजारी ‘नव्या पर्वाची नांदी’ असा मथळा असतो. पर्व खरोखर बदलले का, हे मात्र बातमी वाचून कळत नाही. गोव्यातल्या वाचकाला त्याची पारख करायला वॉशिंग्टनपर्यंत जावे लागू नये. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, सहा वर्षांच्या आत दोनदा सत्तापालट झाला. पहिल्याने पान हलले नाही. दुसऱ्याने आफ्रिकेच्या दक्षिण भागाचा नकाशा बदलला आणि गोवामुक्तीला पोर्तुगालची लेखी मान्यता मिळाली.

पहिला पालट सप्टेंबर १९६८चा. १९३२पासून पंतप्रधानपदावर बसलेला हुकूमशहा सालाझार अंथरुणाला खिळला आणि मार्सेलो काएतानो आले. कायद्याचे प्राध्यापक, बोलायला मवाळ. राजवट सैल होईल अशी आशा बऱ्याच जणांना वाटली. प्रत्यक्षात गुप्त पोलिसांचे ‘पिदे’ हे नाव जाऊन ‘डीजीएस’ आले, माणसे तीच राहिली. अंगोला, पोर्तुगीज गिनी आणि मोझांबिक या आफ्रिकी वसाहतींच्या तिन्ही आघाड्यांवर लढाई चालूच होती आणि गोवा हा भारताने बळकावलेला आपला प्रांत आहे हा हेकाही सुटला नाही. (सालाझारला आपण पदावर नाही हे मरेपर्यंत कुणी सांगितले नाही म्हणतात. त्याच्यापुरता तर सत्तापालट झालाच नव्हता!)

असे का झाले? १९५१मध्ये पोर्तुगालने घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ केले होते. म्हणजे वसाहत सोडणे याचा कायदेशीर अर्थ देशाचा तुकडा तोडून देणे असा झाला. काएतानोंना नेमणारे राष्ट्राध्यक्ष अमेरिको तोमाश १९५८पासून तेच होते, आणि प्रांतांचे धोरण बदलायचे नाही ही त्यांची अट होती. लष्कराचे वरिष्ठही तेच. खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्चीचे चारही पाय जागच्या जागी राहिले.

दुसरा पालट २५ एप्रिल १९७४चा. तो घडवला कॅप्टन-मेजर दर्जाच्या अधिकाऱ्यांनी, आणि सुरुवात कुठल्या तत्त्वज्ञानातून नव्हे, बढतीच्या नियमातून झाली. आफ्रिकेत १९६१पासून युद्ध चालू, अधिकारी अपुरे. म्हणून सरकारने १९७३मध्ये हुकूम काढला की सक्तीच्या भरतीतून आलेल्यांनी छोटा अभ्यासक्रम पुरा केला तर त्यांना कायम अधिकाऱ्यांच्या बरोबरीची ज्येष्ठता मिळेल. अकादमीत रीतसर शिकून आफ्रिकेत दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या केलेले कॅप्टन भडकले. त्यांच्या बैठका आधी ज्येष्ठतेवर झाल्या, मग युद्धावर आणि शेवटी सरकारवरच. दूरच्या देशात काय शिजते आहे याचा अंदाज घ्यायचा तर नेत्याच्या भाषणापेक्षा असल्या हुकुमांच्या बातम्या जास्त उपयोगी पडतात. त्या आपल्याकडे सहसा आतल्या पानावरही येत नाहीत.

पुढचा क्रम तारखांनिशी पाहण्यासारखा आहे. नवे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल स्पिनोला स्वातंत्र्य द्यायला तयार नव्हते. त्यांच्या डोक्यात लिस्बनच्या छत्राखालचा संघ होता. जुलैत पंतप्रधान पाल्मा कार्लोश यांनी राजीनामा दिला, कॅप्टनांच्या गटाचे वास्को गोन्साल्विश आले, आणि २७ जुलैला कायदा क्रमांक ७/७४ निघाला: सागरपार प्रदेशांना स्वयंनिर्णयाचा, म्हणजे स्वातंत्र्याचाही, हक्क मान्य. ३० सप्टेंबरला स्पिनोलांनी पद सोडले. तेव्हा खरा बदल २५ एप्रिलला नाही, २७ जुलैला झाला. एप्रिलमध्येच ‘वसाहतवाद संपला’ लिहून मोकळा झालेला वार्ताहर तीन महिने चुकीचाच ठरला असता.

गोव्याचा प्रश्न याच कायद्यामागून सुटला. त्याआधीची स्थिती अशी होती: राजनैतिक संबंध १९५५मध्ये तुटलेले. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. त्याच्या बाजूने सात आणि विरोधात चार मते पडली, सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. म्हणजे जमीन भारताच्या ताब्यात आली, घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने ती भारतीय संघराज्यात दाखल झाली, पण पोर्तुगालचा दावा कागदावर तेरा वर्षे जिवंत होता. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारियो सोआरिस यांनी करारावर सह्या केल्या. त्यातली मेख पहिल्याच कलमात आहे. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते सहीच्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या दिवसापासून. नाहीतर मधल्या तेरा वर्षांतल्या प्रत्येक नोंदीवर आणि व्यवहारावर वकिलांना वाद घालता आला असता. करार अमलात आला तो जून १९७५मध्ये, दोन्हीकडची मंजुरीपत्रे बदलल्यावर.

तरीही सगळे मिटले नाही. १९६१मध्ये बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने गोमंतकीयांचे गहाण दागिने लिस्बनला नेले होते. करारात मालमत्तेचे दावे वाटाघाटीने सोडवू म्हटले होते, प्रत्यक्षात दागिने परत आले १९९१मध्ये. सरकार एका रात्रीत पडते, बँकेची फाइल तिच्या चालीनेच चालते.

ज्या वसाहतींत सत्ता घ्यायला एकच संघटना होती तिथे कामे तुलनेने लवकर उरकली. मोझांबिक २५ जून १९७५ला स्वतंत्र झाले, मार्च १९७६मध्ये त्याने ऱ्होडेशियाची (आताच्या झिंबाब्वेची) सीमा बंद केली, तिथल्या बंडखोरांना तळ दिले, आणि एप्रिल १९८०मध्ये झिंबाब्वे उभा राहिला. अंगोलात मात्र तीन संघटना एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. जानेवारी १९७५मध्ये पोर्तुगालमधल्या आल्व्होरला या तिघी आणि पोर्तुगाल अशा चौघांचा करार झाला, पण तो पाळायला लावणारे कुणी नव्हते, कारण लिस्बनमध्येच सरकारे पडत होती आणि पोर्तुगीज शिपायाला घरी जायचे होते. दक्षिणेकडून दक्षिण आफ्रिकेचे सैन्य घुसले, समुद्रापलीकडून क्युबाचे आले. १० नोव्हेंबरला पोर्तुगीज उच्चायुक्ताने सत्ता ‘अंगोलाच्या जनतेला’ दिली असे जाहीर केले, कुठल्या पक्षाला ते सांगितले नाही, आणि जहाजातून तो निघून गेला. क्युबाचे सैन्य माघारी नेण्याचा करार व्हायला डिसेंबर १९८८ उजाडले.

पूर्व तिमोरमध्ये याहून वाईट झाले. पोर्तुगीज गव्हर्नर ऑगस्ट १९७५मध्येच अताउरो बेटावर सरकला होता. ७ डिसेंबरला इंडोनेशियाने आक्रमण केले. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तातून निघाल्याला एक दिवसही झाला नव्हता. तिमोरची सुटका झाली तीही एका सत्तापालटानेच. मे १९९८मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो गेले, त्यांच्या जागी आलेल्या हबिबींनी सार्वमताला होकार दिला, ऑगस्ट १९९९मध्ये ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्य निवडले. उलट चीनला लागून असलेले मकाव पोर्तुगाल द्यायला तयार असताना चीनला घेण्याची घाई नव्हती, ते डिसेंबर १९९९पर्यंत लांबले. बदल एका राजधानीत होतो, त्याचे फळ शेजाऱ्याची तयारी आणि मतलब ठरवतो.

आजच्या बातम्यांना हीच फूटपट्टी लावावी. नव्या नेत्याने काय ‘जाहीर केले’ यापेक्षा ते कशाने केले हे महत्त्वाचे: सहीच्या आदेशाने, कायद्याने की मंजूर झालेल्या करारातून. अमेरिकेचा पॅरिस हवामान करारातला प्रवेश अध्यक्षांच्या सहीचा, सिनेटच्या दोन तृतीयांश मतांचा नव्हे. म्हणून ती नोव्हेंबर २०२०मध्ये बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. त्यातही करारातच मुदत लिहिलेली आहे: बाहेर पडायला सूचनेपासून एक वर्ष, आत यायला तीस दिवस. इराणशी २०१५मध्ये झालेला अणुकरारही असाच सहीवर टेकलेला. मे २०१८मध्ये नव्या अध्यक्षांनी तो सोडला आणि वर्षभरात भारताला इराणचे तेल घेणे बंद करावे लागले. नाटो या लष्करी आघाडीतून मात्र एकट्या अध्यक्षाने बाहेर पडू नये असा कायदाच अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २०२३च्या अखेरीस करून ठेवला आहे.

गोव्याला याची सर्वांत जास्त झळ ब्रेक्झिटमध्ये, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना, लागली. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडन-साउथॉलला गेलेल्या आपल्या लोकांना पंतप्रधान बदलला की नियम सुटतील अशी आशा दाखवणारे बरेच भेटले. बाहेर पडायची तारीख आधी सरकलीही: २९ मार्च २०१९, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. पण माघारीचा करार मंजूर झाल्यावर त्यातली मुदत हलली नाही. जॉन्सन गेले, ट्रस आल्या-गेल्या, सुनक आले, स्टार्मर आले. ३१ डिसेंबर २०२०पर्यंत तिथे राहायला गेलेला माणूस त्या कराराच्या संरक्षणात, नंतर गेलेल्याला पोर्तुगीज पासपोर्ट असूनही कामासाठी व्हिसा. मागून पतीला किंवा पत्नीला न्यायचे तर नातेही साधारणपणे त्या तारखेआधीचे लागते. १९६१पूर्वीचा जन्मदाखला घेऊन लिस्बनला पोर्तुगीज नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपते. ते कलम दिल्लीत किंवा लिस्बनमध्ये सरकार बदलल्याने आपोआप बदलत नाही.

अँतोनियो कॉश्तांबद्दल आपल्याकडे जे लिहून येते त्यातही हीच गफलत होते. मडगावशी त्यांच्या घराण्याचे नाते आहे, ते आठ वर्षांहून अधिक काळ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हा अध्यक्ष युरोपीय संघाच्या सदस्य-राष्ट्रांच्या प्रमुखांच्या बैठका चालवतो. व्यापार कराराच्या वाटाघाटी युरोपीय आयोग करतो, मान्यता मंत्र्यांची परिषद आणि युरोपीय संसद देते, आणि पासपोर्ट कुणाला द्यायचा हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी शपथविधीचे छायाचित्र छापताना त्याखाली चार ओळींची जागा ठेवा: घोषणा आदेशाने झाली की कायद्याने, अमलात येण्याची तारीख कोणती, ती कोण रोखू शकते आणि गोव्यातल्या कुणाच्या कागदपत्रांना तिचा स्पर्श होतो. छायाचित्र थोडे लहान झाले तरी चालेल.

आपला,
एक वाचक, मडगाव