तीन रंग आणि आपला एकच ‘अलर्ट’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून ‘यलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ हे शब्द सर्रास येतात. वस्तुतः भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी संकेतांत प्रत्येक रंगाचा शब्द वेगळा आहे : पिवळ्यासाठी ‘वॉच’, नारिंगीसाठी ‘अलर्ट’ आणि लाल रंगासाठी ‘वॉर्निंग’, म्हणजे अनुक्रमे माहिती घेत राहा, तयारीत राहा आणि कृती करा. या तिन्हींना आपण एकाच दावणीला बांधल्यामुळे पिवळा रंग दिसताच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या शाळेला सुट्टी आहे का?’ अशी विचारणा सुरू होते, आणि अशा चार पिवळ्या दिवसांत ऊनच पडले की पुढे लाल रंगाकडेही कोणी गांभीर्याने पाहत नाही.

मराठीत शब्दांची वानवा नाही. पिवळ्याला ‘लक्ष ठेवा’, नारिंगीला ‘सज्ज राहा’ आणि फक्त लाल रंगाला ‘इशारा’ असे छापता येईल. ‘सूचना’ मात्र मी टाळेन, कारण सार्वजनिक फलकांवर वापरून वापरून तो शब्द पार गुळगुळीत झाला आहे. शिवाय रंग केवळ पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही, तेवढा पाऊस पडण्याची शक्यता आणि त्याचे संभाव्य परिणामही त्यात धरलेले असतात. तेव्हा बातमीत रंगाशेजारीच जिल्ह्यातील लोकांनी नेमके काय करायचे, याची एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण